कुलूप आणि हरळी

धर्मगुरूच्या वाट्याला कोणकोणती कामे येतील याची यादी सेमिनरीत कोणी हाती देत नाही. तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले, धर्मसंहितेची कलमे घोकून झाली, हिब्रू-ग्रीकची तोंडओळख झाली. पण सिमेंटात वाळू किती पडावी, छपराची पन्हळ कोणत्या अंगाला उतरती असावी आणि टाक्यात उतरणाऱ्या माणसाला दोर कसा बांधावा, हे विषय कोणत्याही वर्षी अभ्यासाला लागले नाहीत. यांपैकी शेवटचा विषय खरे तर पवित्र शास्त्रात आहे. त्याकडे आम्ही ओघाने येऊच.

आमचे जन्मगाव वसईकडचे. घरामागे वाडी, वाडीत बावखल. पाणी हे जमिनीत असतेच, खणले की लागते, अशी आमची लहानपणची समजूत. (त्यांतील कित्येक बावखले पुढे बुजवली गेली आणि उरलेली वाचवण्यासाठी तेथील मंडळी झटत आहेत, पण तो निराळ्या लेखाचा विषय.) वर्धा जिल्ह्यात बदली झाली तेव्हा ही समजूत पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडली. येथे पाऊस कमी पडतो असे मुळीच नाही. वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीन फुटांहून अधिक पाणी आकाशातून उतरते. परंतु ते जवळजवळ सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून मोकळे होते. वर काळी कपाशीची माती, खाली बेसाल्टचा कातळ. कातळाच्या फटींत जेवढे मुरेल तेवढेच विहिरीचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे सरकला की विहिरीच्या तळाला बादली आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो. याच जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील काकडदरा नावाच्या छोट्याशा आदिवासी गावाने अशाच उन्हात माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले आणि २०१७ साली वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. पाणी येथे लोकांना कमवावे लागते.

आमच्या मिशनच्या आवारात, मुलींच्या वसतिगृहामागे, सिमेंट काँक्रीटचे एक टाके आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर त्या वेळच्या फादरांनी ते बांधून घेतले असे जुनी माणसे सांगतात. लांबी पाच मीटर, रुंदी चार, खोली दोन. अर्धे जमिनीत, अर्धे वर. म्हणजे चाळीस हजार लिटर. वसतिगृहाचे टिनाचे छप्पर दोनशे चौरस मीटरचे आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर दोनशे लिटर पाणी जमते. थोडे उडते, थोडे सांडते, तरीही टाके भरायला तीनशे मिलिमीटरचा पाऊस पुरे; जुलै उजाडला की काम झाले. बांधणाऱ्या फादरांचा हिशेब उघड होता. बत्तीस मुली, दर मुलीमागे पिण्याला आणि स्वयंपाकाला पाच लिटर, म्हणजे दिवसाला एकशे साठ लिटर. चाळीस हजारांना एकशे साठांनी भागले की अडीचशे दिवस होतात. ऑक्टोबरच्या आरंभापासून मोजा, पुढचा मृग येतो.

हिशेब चोख होता. टाके मात्र तसे राहिले नाही. आम्ही येथे आलो तेव्हा ते जानेवारीअखेर गुडघाभर पाण्यावर येत असे. मार्चमध्ये दहावीच्या मुली पहाटे चारला उठून हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर जात आणि येऊन भूमितीचे पुस्तक उघडत. टाक्याच्या तोटीला पितळी कुलूप होते. हे कुलूप आमच्या आधीपासूनचे. पलीकडच्या वस्तीतील आठ घरे पूर्वी उन्हाळ्यात येथून दर घरी दोन हंडे पाणी नेत असत. टाके पुरेना तेव्हा ते बंद झाले आणि कुलूप आले. ज्यांनी ते लावले त्यांना दोष देववत नाही. मुलींचे पाणी आधी, हे कोणीही म्हणेल.

कुलपाची किल्ली सिस्टर सुपिरियरांच्या कमरेला असे. पण टाक्याच्या वायव्य कोपऱ्याशी, बाहेरच्या अंगाला, हरळीचा एक पट्टा होता. जानेवारीत सारे आवार भाजलेल्या पापडासारखे झालेले, आणि हा पट्टा मात्र पोपटी हिरवा. वस्तीतल्या आजींची शेळी दोर तोडून तेथेच यायची. एकदा शेळीला न्यायला आलेल्या आजींनी कुलपाकडे पाहिले, हरळीकडे पाहिले आणि आम्हांला विचारले, “कुलूप तं लावलं फादर, पन त्या गवताले किल्ली कोनं देल्ली जी?”

आम्ही धर्मोपदेशात बरीच वर्षे घालवली आहेत. एवढ्या थोड्या शब्दांत एवढे बोललेले फार वेळा ऐकलेले नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, टाके काठोकाठ असताना, आम्ही मोजणी सुरू केली. टाके वापरात असताना गळती कशी मोजावी हा प्रश्न नववीतल्या एका मुलीने सोडवला: रात्री नऊनंतर तोटी कोणी उघडत नाही, पहाटे पाचपर्यंत नाही. झाकणातून स्टीलची पट्टी सोडायची, रात्री एकदा, पहाटे एकदा, आणि फरक वहीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात आठ तासांत चार मिलिमीटर. म्हणजे चोवीस तासांत बारा. झाकलेल्या टाक्यातून वाफेने एवढे जात नाही. वीस चौरस मीटरच्या तळावर बारा मिलिमीटर म्हणजे दोनशे चाळीस लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सोळा हंडे.

वस्तीतील आठ घरे, दर घरी दोन हंडे. आम्ही पेन खाली ठेवले. जे पाणी आम्ही आठ घरांना नाकारत होतो, बरोबर तेवढेच, हंड्याला हंडा, रोज कोपऱ्यातून मातीत जात होते.

वहीत पुढे आणखी एक गोष्ट दिसू लागली. पातळी जसजशी खाली गेली तसतशी रात्रीची गळती कमी झाली: चाराचे तीन झाले, तिनाचे दोन. पाण्याची उंची कमी, तर दाब कमी. आणि तळापासून साठ सेंटिमीटर उरले तेव्हा पट्टी रात्रंदिवस एकाच रेघेवर थांबली. याचा अर्थ तळ शाबूत होता. जेथे पाणी थांबते तेथे भेगेचा खालचा शेवट असतो. टाके फोडल्याशिवाय, आत उतरल्याशिवाय, एका पट्टीने आणि वहीने एवढे कळते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी गळके टाके असेल त्यांनी गवंड्याला बोलावण्यापूर्वी ही वही जरूर लिहावी.

पॅरिश कौन्सिलच्या सभेत दोन मते पडली. काही तरुण सभासदांचे म्हणणे, हे जुने धूड पाडावे, हजार-हजार लिटरच्या काळ्या सिंटेक्स टाक्या ओट्यावर मांडाव्यात आणि मोकळ्या जागेत मरियामातेचा ग्रोटो करावा. शिवाय आता गावात नळयोजना आली आहेच. ग्रोटोला विरोध करणे कोणत्याही धर्मगुरूला अवघड जाते. परंतु चाळीस हजारांच्या जागी दहा हजार लिटर घेणे हा व्यवहार आम्हांला पटेना. नळाचे म्हणाल तर तो हिवाळ्यात दिवसाआड येतो आणि मेमध्ये पाच-सहा दिवसांनी. नळ आला म्हणजे पाणी आले असे नव्हे. शेवटी प्रायश्चित्तकाळातील दानपेटीची रक्कम टाक्याला लावावी आणि मजुरीचा भार मुलींच्या पालकांनी श्रमदानाने हलका करावा असे ठरले. त्या पालकांपैकी काही जण काकडदऱ्याच्या बाजूचे. पाण्यासाठी कुदळ हाती घेणे त्यांना नवे नव्हते.

मिस्त्री आले ते थेट आत डोकावले नाहीत. टाक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वायव्य कोपऱ्याशी उकिडवे बसले आणि जमिनीतल्या भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला. मग म्हणाले, “भेग भितीत नाही फादर, भेग जमिनीत हाय. भिंत तं फक्त सांगून राह्यली.”

काळ्या मातीचा हा स्वभाव येथील शेतकऱ्याला ठाऊक असतो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून फाटते. सारे आवार सारखेच फुगले आणि सारखेच आक्रसले तर टाके एकसंध वर-खाली होईल, त्याला फारशी इजा नाही. पण आमच्या टाक्याची सांडव्याची नळी नेमकी वायव्य कोपऱ्याशी मोकळी सोडलेली होती. पावसाळ्यात टाके भरले की उरलेले सारे पाणी त्या एका कोपऱ्यात धो धो पडायचे. तीन कोपरे एका चालीने हलत, चौथा वेगळ्या. काँक्रीट दाब मुकाट्याने सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही, ते फाटले. फाटल्यावर आतले पाणीही त्याच कोपऱ्यात झिरपू लागले, माती आणखी फुगू-आक्रसू लागली, भेग आणखी रुंदावली. गळतीच गळतीला पोसत होती.

आतून भेगेवर काय काय झाले होते ते पाहण्यासारखे होते. सर्वांत वर एम-सीलचा थर. त्याखाली सिमेंटचा लेप. त्याखाली डांबर; पिण्याच्या पाण्याच्या टाक्यात डांबर घालू नये हे येथे स्पष्ट सांगून ठेवतो. त्याच्याही खाली चुन्याचे काहीतरी. एकेका उन्हाळ्यात एकेकाने मनापासून केलेला इलाज, थरावर थर. प्रत्येक थर पहिल्या पावसात कोपऱ्याबरोबर हलला आणि तडकला. मिस्त्रींनी ते सारे छिन्नीने उतरवले आणि आतल्या गंजक्या सळया उघड्या केल्या. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडते. काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याच्या युक्तीचे पेटंट १८६७ साली फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए या माळीकाम करणाऱ्या गृहस्थाने घेतले होते, तेही झाडांच्या कुंड्या आणि हौद फुटू नयेत म्हणून. त्याच्या कुंड्यांतूनच पुढे आजचे पूल आणि इमारती उभ्या राहिल्या. टाके हे त्या घराण्यातले थोरले भावंड म्हणायचे.

पण दुरुस्तीपूर्वी सफाई, आणि सफाईपूर्वी आत उतरणे. येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण टाक्यात उतरलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दर वर्षी वाचण्यात येतात. बंद टाक्यात पाने कुजतात आणि हवेतील प्राणवायू कमी होतो. वरून काही दिसत नाही, वासही येईलच असे नाही. जुनी माणसे कंदील सोडून पाहत आणि ज्योत विझली तर उतरत नसत. ती चाल चांगली, पण ज्योत टिकली म्हणजे हवा निर्धोकच, असे समजू नये. आम्ही झाकणे दोन दिवस उघडी ठेवली, पंखा लावून हवा खेळवली, आणि उतरणाऱ्याच्या काखेतून दोर घेऊन दोन माणसे वर उभी केली. एकाने गाळ उपसायला डिझेलचे इंजिन आत ठेवण्याची सूचना केली, ती आम्ही तिथल्या तिथे फेटाळली. बंद जागेतील इंजिनाचा धूर हा मारेकरी आहे. आणखी एकाने भिंतीवरचे पांढरे क्षार काढायला ॲसिड आणले होते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो, म्हणून ती बाटली आली तशी परत गेली.

दोराची गोष्ट पवित्र शास्त्रात आहे असे वर म्हटले ते यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात. त्याच्या ३८ व्या अध्यायात संदेष्ट्याला मल्कीयाच्या हौदात सोडतात. हौदात पाणी नसते, चिखल असतो, आणि तो चिखलात रुततो. त्याला वर काढतो तो एबद-मलेख नावाचा कूशी सेवक. तो तीस माणसे घेतो आणि भांडारात जाऊन जुनी फाटकी वस्त्रे शोधतो. ती चिंध्यांची घडी दोराखाली, काखेत ठेवायला सांगून मगच ओढायला लावतो. धर्मग्रंथात राजे, लढाया आणि संदेश यांच्या गर्दीत या चिंध्यांना जागा मिळाली, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. हे वाक्य लिहिणाऱ्याने कोणाला तरी दोराने वर ओढलेले पाहिलेच असले पाहिजे. आमच्या मिस्त्रींना ही कथा सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि दोराखाली जुना पंचा बांधला.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात फुटक्या हौदांचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे: वाहता झरा सोडून लोकांनी पाणी न धरणारे हौद खोदले, अशी देवाची तक्रार. यहूदियाच्या डोंगरात हौद चुनखडीच्या कातळात खोदत आणि आतून चुन्याचा गिलावा करत. गिलावा तडकला की पाणी गेले. दृष्टान्त ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा हौद होता, म्हणून तो झोंबला. आमच्या काळ्या मातीत वाहते झरे नाहीत. येथे झऱ्याचा मान टाक्यालाच द्यावा लागतो, आणि म्हणून त्याचे न गळणे अधिक जबाबदारीचे.

गाळ बावीस घमेली निघाला. कुजलेली पाने, कबुतरांची पिसे, टिनाचा गंज, एक रबरी चेंडू, एक पितळी पेला. पेल्यावर कोरलेले नाव वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलीचे होते. ती आता स्वतः शिक्षिका आहे. तिला पेला पोचता केला.

खरे काम आधी बाहेर झाले. पालकांनी वायव्य कोपऱ्याभोवती मीटरभर खोल काळी माती काढली, तेथे मुरूम भरून धुमसाने ठोकला आणि चारही बाजूंनी बाहेर उतरता कोबा केला. सांडव्याची नळी लांबवून दूरच्या विहिरीशेजारी खणलेल्या शोषखड्ड्यात सोडली. त्या खणण्यात हरळी मुळासकट गेली. शेळी दोन दिवस येऊन उभी राहिली.

मग आत. भेग दोन बोटे रुंद आणि तितकीच खोल खाचली, तोंड व्हीच्या आकाराचे केले, तारेच्या ब्रशने सळया घासल्या. सिमेंटचा पातळ घोळ फासून त्यावर पॉलिमर मिसळलेला घट्ट मसाला भरला. पिण्याच्या पाण्याला चालणारा आहे ना, हे पिशवीवर वाचूनच तो घेतला. भेगेच्या दोन्ही अंगांना वीतभर कोंबडीजाळी बसवून नवा गिलावा घोटला. भिंत आणि तळ जेथे काटकोनात मिळतात तेथे गोलाई दिली; मिस्त्री तिला ‘वाटा’ म्हणतात. काटकोनात गाळ बसतो आणि तडाही तेथेच आधी जातो, गोलाईत दोन्ही टळतात.

या कामाची एक विलक्षण अडचण आहे. टाके रिकामे होते ते फक्त एप्रिल-मेमध्ये, म्हणून दुरुस्ती तेव्हाच करता येते. आणि सिमेंटला दोन आठवडे पाणी मारावे लागते, जे तेव्हाच मिळत नाही. पाणी न मिळालेला गिलावा वर्ध्याच्या उन्हात दोन दिवसांत केसागणिक तडकतो. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर एवढेच काम चाले. पाणी धरणाऱ्या वास्तूला जगवायला आम्ही टँकरचे पाणी विकत घेतले. मिस्त्रींनी मात्र ते फार काटकसरीने वापरले: भिंतीला ओली बारदाने, तळात चार बोटे पाणी आणि झाकणे घट्ट बंद. आतली हवाच दमट राहते, भिंत आपोआप ओली राहते. एका टँकरवर चौदा दिवस निभावले.

त्या दिवसांत सामान आणायला वर्ध्याला जाणे होई. एकदा वेळ होता म्हणून मगनवाडीत जाऊन आलो. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या बागेत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचे काम चाले, आणि ते काम अनेक वर्षे सांभाळले ते जे. सी. कुमारप्पा यांनी. तंजावरकडचे, ख्रिस्ती घरातले, लंडनमध्ये हिशेबनीस झालेले हे गृहस्थ खादी नेसून वर्ध्यात राहिले आणि तुरुंगात असताना येशूच्या शिकवणुकीवर एक पुस्तक लिहून गेले. आपल्या समाजात त्यांचे नाव पुरेसे घेतले जात नाही, ही खंत येथे नोंदवतो. त्यांनी अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार मानले: एक साठ्याची, दुसरी प्रवाहाची. कोळसा, खनिज तेल हा साठा. उपसला की संपतो, आणि संपणाऱ्या वस्तूसाठी माणसे भांडतात. नदी, जंगल, ऋतू हा प्रवाह. तो पुन्हा येतो. परतीच्या बसमध्ये आम्ही विचार करत होतो, की आमचे टाके यांपैकी कशात बसवावे? दिसायला साठा, पण दर वर्षी रिते होऊन दर वर्षी भरणारे, म्हणजे प्रवाहच. फक्त आठ महिने थोपवून धरलेला. शेजारची तीनशे फुटांची बोअर मात्र दिसायला धार आणि आतून साठा.

मृगाच्या पहिल्या दोन सरी आम्ही टाक्यात घेतल्या नाहीत. छपरावरची वर्षभराची धूळ आणि विष्ठा त्यांनी धुऊन नेली. मग नळीच्या तोंडाला जाळी बांधून टाके थोडे थोडे भरू दिले. नव्या सिमेंटचे पहिले पाणी तुरट आणि चुनखडीचे लागते, ते झाडांना घातले. भिंती ब्लीचिंगच्या पाण्याने घासून धुतल्या. टाके भरल्यावर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टी.सी.एल. घेऊन आला: हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या टाक्याला दोनशे ग्रॅम, बादलीत कालवून वरची निवळी तेवढी ओतायची. अर्ध्या तासाने त्याने ओ.टी. टेस्ट घेतली. नळीतले पाणी फिकट पिवळे झाले आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. सांडव्याच्या नळीलाही बारीक जाळी लावली, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

ऑक्टोबरात वही पुन्हा उघडली. रात्रीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. मग मुलींना पट्टीवर विश्वास बसेना, म्हणून नवी पट्टी आणवली. तीही शून्य.

आता कौन्सिलपुढे जो प्रश्न आला तो आधी कधी आलाच नव्हता. गळके टाके थांबू शकत नाही. आज वापरले नाही तर उद्या ते मातीत जाणार, म्हणून पहिल्या दिवसापासून घाई, आणि घाईमुळे टंचाई, आणि टंचाईमुळे कुलूप. न गळणारे टाके मात्र थांबू शकते. नळाचे आणि विहिरीचे पाणी फेब्रुवारीअखेर कसेबसे पुरते. तोवर टाक्याला हात लावायचाच नाही असे ठरले. पाच मार्चपासून मृगापर्यंत शंभर दिवस. चाळीस हजारांना शंभरांनी भागले की दिवसाला चारशे लिटर. मुलींचे एकशे साठ वजा केले की उरतात दोनशे चाळीस. ते सोळा हंडे पुन्हा वहीत आले, या खेपेला जमेच्या बाजूला.

पाच महिने झाकणे बंद होती. पातळी तीन सेंटिमीटरांनी उतरली, तेवढी वाफ म्हणून सोडून दिली. पाच मार्चला सकाळी सिस्टरांनी कुलूप काढले. आजी सर्वांत पुढे होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हंडा तोटीखाली नीट बसला आहे का तेवढे पाहिले. दहावीच्या मुली त्या मार्चात पहाटे चारला विहिरीवर गेल्या नाहीत. चारला उठल्या, ते भूमितीसाठी.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. एप्रिलमध्ये वीटभट्टीवर गेलेली तीन कुटुंबे वस्तीत परतली आणि आठ घरांची अकरा झाली. त्यांना नाही म्हणावे असे कोणालाही सुचले नाही, पण रोजचे सोळा हंडे बावीस झाले आणि वही मृगाच्या आधीच संपणार असे दिसू लागले. मुलींच्या सुट्ट्या लागल्या म्हणून त्यांचे पाणी वाचले आणि आम्ही मृगापर्यंत कसेबसे पोचलो. यंदा बारा घरे आहेत. वायव्य कोपऱ्यात, भिंतीच्या वरच्या अंगाला, केसाएवढी एक नवी रेघ दिसते आहे. मिस्त्री म्हणतात, तिला हात लावू नका. एवढी बारीक भेग ओली राहिली तर काँक्रीटमधला चुनाच विरघळून, पांढरा होऊन तिला बुजवतो. आम्ही तिच्या दोन्ही टोकांना खडूने खुणा केल्या आहेत आणि वहीत तिचे वेगळे पान उघडले आहे. मृगाने दडी मारली तर बारा घरांचा हिशेब कसा बसवायचा, यासाठी कौन्सिलची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे.